लोकताकचं पाणी उतरायचं तेव्हा

चपला होडीतच राहू द्या, फुमदीवर अनवाणी उतरा. पाऊल टेकताच टाचेभोवती गार पाणी चढतं आणि चार हातांवरचं गवत डुलतं. पायाखाली माती, कुजलेली मुळं आणि पानांची तरंगती गादी आहे. कुठे कुठे ती दोन मीटर जाड आहे. पाचातला एक भाग पाण्यावर, बाकीची पाण्याखाली. मणिपूरच्या लोकताक सरोवरावर उभे आहात तुम्ही. आता काळात मागे निघा.

२०११चा नोव्हेंबर. नाकात धूर जातो. फुमदीवरच्या मच्छीमारांच्या झोपड्या, फुम्शांग, सरकारी कारवाईत जळताहेत. सरोवर वाचवायचं, हे कारण. पण ही माणसं पाण्यावर राहायला का आली, ते कळायला आणखी मागे जावं लागेल.

१९८३. विजेसाठी इथाईला बंधारा झालाय. हिवाळ्यातही पाणी उतरत नाही. काठची भातशेती बुडाली आहे आणि कालचा शेतकरी जाळं विणायला बसलाय. पुढच्या झोपड्यांमधल्या बऱ्याच जणांची गोष्ट इथूनच सुरू होते. झोपड्यांना दोष देण्याआधी ही बुडालेली शेतं पाहायला हवीत, असं मला मनापासून वाटतं.

आणखी आठ वर्षं मागे, १९७५. वरून हवाई मोजणी चाललीय. या फुमदीवरच राहणारी संगाई हरणं फक्त १४ भरतात. तुमच्या पुढ्यात एक उभं आहे. खुरांच्या मागचा भागही टेकवत, तोलून तोलून पाऊल टाकतं. जमीन डुलते, ते बुडत नाही. १९५१मध्ये ही जात संपल्याचं जाहीर झालं होतं, १९५३मध्ये निसर्ग अभ्यासक ई. पी. जी यांना ती पुन्हा दिसली.

१४ एप्रिल १९४४. काठावरच्या मोइरांगमध्ये आझाद हिंद फौजेचे कर्नल शौकत मलिक तिरंगा फडकवताहेत. थोडं थांबा, पाहून घ्या.

मग त्याहूनही मागे, बंधाऱ्याचं नावही नसलेल्या एखाद्या हिवाळ्यात. पाणी हळूहळू ओसरतंय. फुमदीवर बसून राहा. एका सकाळी डुलणं थांबतं. हात घालून पाहा, गादी तळाला टेकली आहे. मुळं चिखलात शिरली आहेत आणि वर्षभराचं अन्न ओढून घेताहेत. बंधाऱ्यानंतर ती बारा महिने तरंगतच राहणार, पोटाला न मिळाल्यानं पातळ होणार आणि हरणाचा भारही तिला पेलवेनासा होणार.

तुम्ही मात्र अजून इथेच आहात. पाऊस सुरू होतो. चिंदविनच्या खोऱ्यातून मणिपूर नदीनं वर चढत पेंगबा मासे येतात, वाटेत अडवणारं कुणी नाही. चिखलातून मुळं सुटतात आणि तुमच्याखालची फुमदी पुन्हा उचलली जाते.