मांजराची पिल्लं: तात्पुरता सांभाळ, कायमचं घर

रस्त्यावर सापडलेलं पिल्लू काही आठवडे आपल्या घरी सांभाळून मग चांगल्या कुटुंबाकडे सोपवणं, याला ‘फॉस्टरिंग’ म्हणतात.

पिल्लू दिसलं की लगेच उचलू नका. आई खाणं शोधायला गेलेली असू शकते. थोडा वेळ लांबून बघा. पिल्लू गार पडलेलं किंवा जखमी असेल तर मात्र थांबू नका.

आधी ऊब, मग दूध. गार पडलेल्या पिल्लाला दूध पचत नाही. गाई-म्हशीच्या दुधाने जुलाब होतात. मांजराच्या पिल्लांसाठी वेगळी दूध पावडर मिळते. पाजताना पिल्लू पालथंच ठेवा, उताणं धरलं तर दूध फुप्फुसात जाऊ शकतं. साधारण 3 आठवड्यांपर्यंत, दूध पाजल्यावर कोमट ओल्या कापसाने शी-शूची जागा हलकेच पुसावी लागते. 4 आठवड्यांनंतर मऊ खाणं सुरू करता येतं.

8 आठवड्यांच्या आत पिल्लू कुणाला देऊ नका. घेणाऱ्याला विचारा: घरातले सगळे तयार आहेत का? खिडक्यांना जाळी आहे का? लस आणि पुढे नसबंदी करणार का? सुट्टीत गावी गेल्यावर कोण बघणार? उत्तरं पटली नाहीत तर सरळ नाही म्हणा. घाईत दिलेलं पिल्लू परत रस्त्यावर येऊ शकतं.