प्रेक्षक होते, मैदान नव्हते

दरवर्षी स्मरणिकेचे काम निघाले की संपादक मंडळींचा फोन येतो आणि दरवर्षी मी काहीतरी सबब सांगून सुटतो. यंदा मात्र माझ्याच तोंडाने घात केला. मंडळाच्या बैठकीत वर्गणीचा विषय चालू असताना एका सभासदाने सहज म्हटले, "बायकांचं फुटबॉल हे आत्ता आत्ताचं फॅड. पूर्वी कोण बघत होतं?" मला राहवले नाही. मी बोलायला लागलो तो अर्धा तास थांबलोच नाही. शेवटी अध्यक्ष म्हणाले, "अहो, हे सगळं लिहून द्या, म्हणजे बैठक पुढे सरकेल." तर वाचकहो, हा लेख म्हणजे त्या बैठकीची उरलेली बाकी आहे.

मी मूळचा कोल्हापूरचा. आमच्याकडे मुलाला चालता येऊ लागले की पेठ त्याला आपला संघ सांगते. शिवाजी तरुण मंडळ, पाटाकडील तालीम, दिलबहार, खंडोबा, प्रॅक्टिस क्लब. शाहू स्टेडियमवर सामना असला की दुपारपासून घरात माणूस ठरत नसे. माणूस म्हणजे पुरुष. आमच्या घरातल्या बायका मैदानावर जात नसत. माझी थोरली बहीण, जिला मी ताई म्हणतो, हिला मात्र खेळाची भारी ओढ. रात्री जेवणे आटोपली की ती भांडी घासता घासता मला पूर्ण सामना सांगायला लावी. कुणी पास दिला, कुठल्या पायाने मारला, गोलकीपर कुठे उभा होता, हे सगळे तिला हवे. मी काही विसरलो की रागवायची. तिने एकही सामना न पाहता पेठेतल्या निम्म्या खेळाडूंचा खेळ पाठ केला होता. तेव्हा "पूर्वी कोण बघत होतं?" या प्रश्नाला माझे घरचे उत्तर हे असे आहे. पण ते पुरेसे नाही, म्हणून थोडे लांब जाऊ.

पहिल्या महायुद्धात इंग्लंडमधले पुरुष आघाडीवर गेले आणि कारखान्यांत बायका आल्या. प्रेस्टन गावात डिक, केर नावाच्या कंपनीत दारूगोळा तयार करणाऱ्या मुली मधल्या सुट्टीत चेंडू खेळत. त्यातून संघ उभा राहिला, धर्मादाय मदतीसाठी सामने होऊ लागले. नाताळच्या दुसऱ्या दिवशी, २६ डिसेंबर १९२० रोजी, लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर या मुलींचा सामना पाहायला ५३,००० माणसे आत होती आणि हजारो बाहेरून परत गेली. पुढच्या वर्षी, ५ डिसेंबर १९२१ रोजी, इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने ठरवले की हा खेळ स्त्रियांना योग्य नाही. गंमत पाहा, बायकांनी खेळू नये असा कायदा काही केला नाही. फक्त आपल्या सदस्य क्लबांना सांगितले की त्यांना मैदान देऊ नका. बस्स. चेंडू आहे, खेळाडू आहेत, प्रेक्षक आहेत, पण उभे राहायला जागा नाही. हा प्रकार जवळजवळ पन्नास वर्षे चालला. पश्चिम जर्मनीत १९५५ ते १९७० अशीच बंदी होती. फुटबॉलवर जीव टाकणाऱ्या ब्राझीलमध्ये तर १९४१ पासून १९७९ पर्यंत कायद्यानेच मनाई होती. इंग्लंडच्या संघटनेने त्या निर्णयाबद्दल माफी मागितली ती २००८ साली. माफी ऐकायला त्या मुलींपैकी कोण उरले असेल!

दुसरी गोष्ट मेक्सिकोची. १९७० सालचा पेलेचा विश्वचषक ज्या आझ्तेका स्टेडियमवर झाला, तिथेच पुढच्या वर्षी सहा देशांच्या महिला संघांची स्पर्धा झाली. फिफाचा तिला आशीर्वाद नव्हता, दारू बनवणाऱ्या एका इटालियन कंपनीचा पैसा होता. गोलचे खांब गुलाबी रंगवले होते, कारण बायकांचा खेळ! ५ सप्टेंबर १९७१ च्या अंतिम सामन्याला सुमारे १,१०,००० लोक आल्याचे सांगतात. डेन्मार्कने मेक्सिकोला ३-० हरवले आणि तिन्ही गोल सुझान ऑगस्टेसन या पंधरा वर्षांच्या मुलीचे. २०२२ साली बार्सिलोनात महिलांच्या एका सामन्याला ९१,६४८ प्रेक्षक आले, तेव्हा तो विक्रम म्हणून जगभर गाजला. मेक्सिकोची गर्दी त्याहून मोठी, पण ती अधिकृत वहीत नाही. २०२३ साली त्या स्पर्धेवर माहितीपट निघाला, तेव्हा कुठे जगाला ती नव्याने कळली.

अधिकृत विश्वचषकासाठी १९९१ उजाडावे लागले. १९८६ मध्ये मेक्सिकोतच भरलेल्या फिफाच्या अधिवेशनात नॉर्वेच्या एलेन विले या बाई व्यासपीठावर उभ्या राहिल्या आणि महिलांसाठी विश्वचषक हवा, असे त्यांनी भर सभेत मागितले. मग १९८८ साली चीनमध्ये एक चाचणी स्पर्धा घेतली गेली आणि १९९१ साली तिथेच पहिली खरी स्पर्धा झाली, बारा संघांची. पण 'विश्वचषक' हे नाव द्यायला फिफाचा हात आखडला. स्पर्धेला चॉकलेटच्या गोळ्या विकणाऱ्या प्रायोजकाचे नाव दिले आणि सामने नव्वदऐवजी ऐंशी मिनिटांचे ठेवले. अमेरिकेने नॉर्वेला २-१ हरवले, दोन्ही गोल मिशेल एकर्सचे. अमेरिकेच्या वर्चस्वाचे कारण मैदानाबाहेर आहे. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थांत मुलींना डावलायचे नाही, असा कायदा तिथे १९७२ साली झाला होता. त्याचा परिणाम खेळाच्या मैदानावरही झाला. त्या कायद्याच्या आसपास जन्मलेल्या मुली १९९१ साली विशीत होत्या.

आता आपल्याकडे वळू, कारण खरी खंत इथली आहे.

१९७५ साली लखनौत भारतीय महिला फुटबॉल महासंघ स्थापन झाला. तो पुरुषांच्या महासंघापासून वेगळा होता आणि हाँगकाँगहून चालणाऱ्या आशियाई महिला फुटबॉल संघटनेशी जोडलेला होता. पैसा बेताचा, प्रसिद्धी त्याहून बेताची. तरीही जानेवारी १९८० मध्ये कोझिकोडला आशियाई अजिंक्यपद स्पर्धा भरली. यजमान म्हणून भारताने दोन संघ उतरवले आणि त्यांतला एक अंतिम फेरीत पोहोचला. तैवानकडून ०-२ असा पराभव झाला, पण आशियात दुसरा क्रमांक! १९८१ साली हाँगकाँगला तिसरा. १९८३ साली बँकॉकला पुन्हा अंतिम फेरी आणि थायलंडकडून हार, म्हणजे पुन्हा दुसरा क्रमांक. त्याच वर्षी पुरुषांच्या क्रिकेट संघाने लॉर्ड्सवर काय केले ते आपल्यातल्या लहान मुलालाही ठाऊक आहे. बँकॉकचे मात्र आपल्या बैठकीत कुणालाच ठाऊक नव्हते. मलाही चाळिशी उलटेपर्यंत ठाऊक नव्हते, हे कबूल करतो.

त्या पिढीत बंगालची शांती मलिक होती, १९८३ चा अर्जुन पुरस्कार मिळवणारी पहिली महिला फुटबॉलपटू. गोव्याची योलांडा डिसोझा होती. आणि आपल्या याच बंगळुरूची चित्रा गंगाधरन होती, जिची आशियाच्या निवडक संघात निवड झाली होती. आपण बंगळुरूत राहून इथल्या गुंडप्पा विश्वनाथचा स्क्वेअर कट डोळ्यांपुढे आणू शकतो. चित्राचा एखादा गोल डोळ्यांपुढे आणायचा म्हटले तर आपल्याजवळ काय आहे? दोन-चार छायाचित्रे आणि त्या मुलींनी म्हातारपणी पत्रकारांना सांगितलेल्या आठवणी. कोझिकोडला लोक सामने पाहायला गेले होते. पण गॅलरीतल्या माणसाची आठवण त्याच्याबरोबर जाते, ती लिहून ठेवणारे कुणी हवे.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला महिला फुटबॉल मुख्य महासंघाच्या छत्राखाली आले. आता दिवस पालटतील असे वाटले असेल. पण डिसेंबर १९९८ मध्ये, बँकॉकच्याच आशियाई क्रीडा स्पर्धेत, चीनने भारताचा १६-० असा पराभव केला. त्याच शहरात पंधरा वर्षांपूर्वी आपण अंतिम फेरीत होतो. या पंधरा वर्षांत चीनने खेळाडू घडवल्या, विश्वचषक भरवला. आपण समित्या बदलल्या. शांती मलिकनंतर दुसऱ्या महिला फुटबॉलपटूला, मणिपूरच्या बेंबेम देवीला, अर्जुन पुरस्कार मिळाला तो २०१७ साली. मध्ये चौतीस वर्षे!

माझे स्वतःचे म्हणाल, तर १९९९ चा अंतिम सामना मी वर्तमानपत्रातल्या एका छायाचित्रात 'पाहिला'. पॅसाडिनात ९०,१८५ प्रेक्षक, अमेरिका आणि चीन गोलशून्य, मग पेनल्टी, आणि गुडघ्यांवर बसून मुठी उगारलेली ब्रँडी चॅस्टेन. ते कात्रण मी ताईला पाठवले. तिने फोनवर विचारले, "पेनल्टी डाव्या पायाने मारली ना?" खरोखरच डाव्या पायाने मारली होती. छायाचित्रात तर चेंडूही नव्हता, तिला कुठून कळले कोण जाणे.

२०११ चा अंतिम सामना मी वाचला. हो, वाचला. जुलैची रात्र, बंगळुरूत बारीक पाऊस, सव्वाबारानंतर लॅपटॉपवर दर मिनिटाला एक ओळ उमटत होती. जपानमध्ये चार महिन्यांपूर्वी भूकंप आणि त्सुनामीने हाहाकार झाला होता. अमेरिका दोनदा पुढे गेली, दोनदा जपानने बरोबरी केली. दुसरी बरोबरी ११७ व्या मिनिटाला होमारे सावाने साधली, तेव्हा मी एकटाच ओरडलो आणि सौ. जागी झाली. पेनल्टीवर जपान जिंकला. सकाळी साडेनऊच्या मीटिंगमध्ये माझे डोळे लाल पाहून साहेबांना भलताच संशय आला. असो.

प्रत्यक्ष सामना पाहण्याचा योग मात्र आपल्याच शहरात आला. १४ फेब्रुवारी २०२०, शुक्रवार. अशोकनगरच्या फुटबॉल स्टेडियमवर भारतीय महिला लीगचा अंतिम सामना होता. केरळचा गोकुलम आणि मणिपूरचा क्रिफ्सा. सामना २-२ असा अडला होता आणि शेवटच्या काही मिनिटांत नेपाळच्या सबित्रा भंडारीने गोल मारला. ३-२. ही सबित्रा पुढे फ्रान्समध्ये व्यावसायिक संघाकडून खेळली. माझ्या शेजारी एक कन्नड गृहस्थ दोन मुलींना घेऊन बसले होते. सबित्राचा गोल झाला तेव्हा त्यांतली धाकटी खुर्चीवर उभी राहिली आणि शेवटपर्यंत खाली बसली नाही.

मग २०२२. आशियाई चषक चक्क महाराष्ट्रात! नवी मुंबई, अंधेरी आणि पुण्याचे बालेवाडी. ताईला मी म्हटले होते, या वेळी तुला मैदानावर नेतो. पण कोरोनाने सगळेच बेत मोडले. २० जानेवारीला भारताने इराणशी गोलशून्य बरोबरी केली. २३ जानेवारीला तैवानशी सामना होता. त्या दिवशी संघात इतक्या मुली बाधित निघाल्या की सामन्यासाठी लागणाऱ्या किमान तेरा खेळाडूही उभ्या करता आल्या नाहीत. सामना रद्द झाला आणि नियमाप्रमाणे भारत स्पर्धेतून बाहेर. ही स्पर्धा विश्वचषकाचीही पात्रता फेरी होती. घरच्या मैदानावर, आजारपणामुळे, एक गोलही न खाता आपण बाहेर पडलो. त्या संध्याकाळी ताईने फोनवर एवढेच म्हटले, "जाऊ दे. पोरी बऱ्या होऊ देत."

बंगळुरूहून बसने पुण्याला जाणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावे. आपला हाच महामार्ग कोल्हापूर, सातारा करत बालेवाडीच्या स्टेडियमजवळून पुढे मुंबईकडे जातो. ३० जानेवारी २०२२ रोजी तिथे फिलिपिन्सने पेनल्टीवर तैवानला हरवले आणि पुढे आपल्या इतिहासातला पहिला विश्वचषक गाठला. निर्णायक पेनल्टी सरिना बोल्डनची. पुढच्या वर्षी तिनेच यजमान न्यूझीलंडविरुद्ध फिलिपिन्सचा विश्वचषकातला पहिला गोल केला आणि तो सामना त्यांनी जिंकला. फिलिपिन्सच्या इतिहासाचे ते पान पुण्यात लिहिले गेले आणि पुणेकरांना, चक्क पुणेकरांना, त्याचा अभिमान बाळगायचे सुचले नाही!

आमच्या भागातही चित्र बदलते आहे. गडहिंग्लज तालुक्यातल्या एका खेड्यातून आलेल्या अंजू तुरंबेकर यांनी आशियाई महासंघाचा 'ए' दर्जाचा प्रशिक्षक परवाना मिळवला आणि राष्ट्रीय महासंघात तळागाळातल्या फुटबॉलची जबाबदारी सांभाळली. आणि ५ जुलै २०२५ रोजी चियांग माईला भारताने थायलंडला, ज्यांनी १९८३ ला अंतिम सामन्यात हरवले त्याच थायलंडला, २-१ हरवून २०२६ च्या आशियाई चषकात प्रवेश मिळवला. पात्रता फेरी खेळून मिळवलेला हा पहिलाच प्रवेश. दोन्ही गोल संगीता बासफोरचे. सामन्यानंतर मी जुन्या बँकॉकच्या निकालाची आठवण कुणी काढतो का ते पाहत होतो.

राहिली २० ऑगस्ट २०२३ ची गोष्ट. रविवार, दुपारचे साडेतीन. सिडनीत स्पेन आणि इंग्लंड अंतिम सामन्यात, आणि दूरदर्शनच्या क्रीडा वाहिनीवर तो थेट दिसत होता. ताई त्या वेळी आमच्याकडे बंगळुरूत आली होती. जेवणे झाली होती, भांडी तशीच पडली होती. मी सवयीने सांगायला सुरुवात केली, "आता बघ, डावीकडून ती कार्मोना वर येतेय..." ताईने टीव्हीवरची नजर न काढता हात वर केला.

"तू गप्प बस रे. मला दिसतंय."