हवेतले बोलणे

बिनतारी बोलणे म्हणजे चव्हाट्यावरचे बोलणे. तार असेल तर चोराला तारेपर्यंत यावे लागते, हवेतला संदेश मात्र ज्याच्याकडे यंत्र आहे त्याचा! मोबाइलच्या ब्लूटूथमधून चोरी कशी होते, असे यवतमाळातल्या आमच्या ज्येष्ठ मंडळींपैकी कोणी विचारले की मी (इतिहासाचा मास्तर ना!) १९४२ पासून सुरुवात करतो.

८ ऑगस्टला मुंबईत 'छोडो भारत'चा ठराव झाला. तीनच दिवसांनी, ११ ऑगस्टला, तिकडे अमेरिकेत हेडी लमार ही सिनेनटी आणि जॉर्ज अँथाइल हा संगीतकार यांना एक पेटंट मिळाले. पाणतीराला दिलेला संदेश शत्रूला अडवता येऊ नये म्हणून पाठवणाऱ्याने आणि घेणाऱ्याने ठरल्या क्रमाने एकाच वेळी लहरी बदलत राहायच्या. पियानोच्या पट्ट्यांइतक्या, ८८ लहरी! नौदलाने तेव्हा ते बाजूलाच ठेवले.

त्याच महिन्यात मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांनी गुप्त काँग्रेस रेडिओ सुरू केला. लहरी बदलत राहणारे यंत्र त्यांच्याकडे कुठले? ते जागाच बदलत राहिले. पोलिसांच्या शोधगाड्या मागावर होत्याच. पण १२ नोव्हेंबरला पकडले गेले ते आपल्यातल्याच एका तंत्रज्ञाने ठिकाण सांगितल्यामुळे. उषाताईंना चार वर्षांची शिक्षा झाली.

ब्लूटूथसुद्धा ७९ वाहिन्यांत सेकंदाला १६०० उड्या मारते. (नाव दहाव्या शतकातल्या डेन्मार्कच्या राजाचे, हॅरल्ड ब्लूटूथचे.) एवढ्या उड्यांमागे कोण धावणार? चोर दारातूनच येतो. काही फोनमधून मालकाला न विचारता नंबरांची यादी काढता येते, हे २००३ साली उघड झाले. २००४ चा 'कॅबीर' तर विचारून आत यायचा, आणि लोक 'हो' दाबायचे! २०१७ साली सापडलेल्या 'ब्लूबोर्न'ला 'हो'चीही गरज नव्हती, ब्लूटूथ चालू असले की पुरे. म्हणून काम नसताना ते बंद ठेवावे, अपडेट टाळू नये, अनोळखी जोडणी नाकारावी.

आणखी एक. लग्नाला भाड्याची गाडी करून नागपूरला जाताना पोरे गाण्यांसाठी फोन गाडीला जोडतात. कॉन्टॅक्ट घेऊ का, असे गाडी विचारते, तिथेही 'हो'. आपण उतरतो, पण साऱ्या नातलगांचे नंबर गाडीतच राहू शकतात. मी उतरण्याआधी ड्रायव्हरदादांना आमचा फोन त्या यादीतून काढायला लावतो. वऱ्हाडी मंडळी खोळंबतात, नातवंडे वैतागतात... वैतागोत बापडी.