वेळूची नाव आणि चार नद्या

कुंभकोणम हे नगर उत्तरेस कावेरी आणि दक्षिणेस अरसलार अशा दोन प्रवाहांच्या मध्ये वसले आहे. दर बारा वर्षांनी महामहमच्या पर्वणीला येथील तलावावर लक्षावधी भाविक स्नानासाठी जमतात. त्या दिवशी भारतातील नऊ पवित्र नद्या या तलावात अवतरतात अशी श्रद्धा आहे. त्या नऊ नद्यांत कावेरी, तुंगभद्रा, कृष्णा आणि गोदावरी यांचा समावेश होतो. श्रद्धेने एकत्र आणलेल्या या चार नद्यांना इतिहासानेही एकदा एका सूत्रात ओवले होते. आणि ते सूत्र म्हणजे वेळूच्या कामट्यांची, कातड्याने मढविलेली, टोपलीसारखी वाटोळी नाव.

कुंभकोणमच्या घाटावर उभे राहून कावेरीकडे पाहणाऱ्यास या नावेचे मर्म कळणार नाही. येथवर येईतो नदीचा सारा आवेश ओसरलेला असतो. कालव्यांत आणि फाट्यांत वाटली गेलेली ती भातशेतीची नदी आहे. मेट्टूरच्या धरणातून पाणी सुटले नाही, तर तिच्या पात्रात वाळूच दिसावयाची. परंतु हीच कावेरी म्हैसूरच्या पठारावरून खाली उतरताना शिवसमुद्रम, मेकेदाटू आणि होगेनक्कल येथे खडकांवर आपटत, घळींतून घुसमटत, फेसाळत धावते. निमुळत्या नाळेच्या लाकडी होडीस असल्या पाण्यात थारा नाही. तिची नाळ खडकावर आदळली की फळी फुटते, आणि ती प्रवाहाला आडवी झाली की उलटते. तामिळ नावाड्यांनी यावर काढलेला तोड म्हणजे 'परिसल' होय. कानडीत तिला 'हरिगोलु' म्हणतात, तेलुगूत 'पुट्टी'.

तिची घडण पाहण्यासारखी आहे. वेळू चिरून काढलेल्या लवचीक कामट्या एकमेकींत गुंफून प्रथम पसरट तळ विणतात. मग त्याच कामट्या वर वळवून कडा उभ्या करतात आणि काठाला जाड वेळूचे कडे आवळून बांधतात. पूर्वी या सांगाड्यावर बैलाचे किंवा म्हशीचे कातडे शिवून चढवीत. एका माणसाची नाव तोच डोक्यावर घेऊन चालू शके, तर मोठ्या नावेत पंधरावीस माणसे मावत. तिला खिळा लागत नाही, सुताराची गरज नाही आणि कणाही नाही. कणा नसणे हेच तिचे बळ. खडकावर घासली तर वेळू दबतो आणि पुन्हा पूर्ववत होतो. तळ सपाट असल्यामुळे ती वीतभर पाण्यातही तरते. कातडे मात्र जपावे लागे. काम संपले की नाव काठावर ओढून, उलटी घालून उन्हात वाळविली नाही, तर ते कुजावयास वेळ लागत नसे.

हे साधन जितके साधे, तितकेच ते चालविणे अवघड. होडीला मागे रेटा दिला की ती पुढे जाते. परिसलला तसा रेटा दिला तर ती जागच्या जागी गरगर फिरू लागते. म्हणून नावाडी तिच्या पुढच्या कडेशी बसतो किंवा उभा राहतो, वल्हे पुढे पाण्यात रोवतो आणि आपल्याकडे ओढतो. वल्हे नावेकडे येत नाही; नावच वल्ह्याकडे जाते. ओढ किंचित उजवीकडे, मग किंचित डावीकडे, अशी आलटून पालटून घेत तो तिचे फिरणे आवरतो. धावत्या पाण्यात मात्र हा आग्रह तो सोडून देतो. तेथे नाव फिरली तरी बिघडत नाही, कारण तिला पुढची बाजू नाही आणि मागचीही नाही. वल्ह्याचे काम एवढेच, की समोर येणाऱ्या खडकापासून तिला बाजूस सारावे. आजच्या क्रीडानौकांचे वल्हेकरी नाळ प्रवाहाच्या दिशेने वर तिरपी धरून पैलतीराकडे सरकतात. परिसलला ही युक्ती साधत नाही. तिच्या नावाड्याला पाण्याची ओढ आधीच मोजावी लागते आणि जेथे उतरावयाचे त्याच्या पुष्कळ वरच्या अंगाला नाव पाण्यात लोटावी लागते. प्रवाहाविरुद्ध तर ती जातच नाही. परतताना नाव माणसाच्या डोक्यावर बसते! हेरोडोटसने युफ्रेटिस नदीतल्या अशाच वाटोळ्या नावांचे वर्णन केले आहे. तेथील व्यापारी नावेत गाढव घालून बाबिलोनला येत, सांगाडा विकून टाकीत आणि कातडी गाढवावर लादून पायी परतत. कावेरीच्या नावाड्याने गाढवाचाही खर्च वाचविला म्हणावयाचा.

सोळाव्या शतकात विजयनगरास आलेला पोर्तुगीज प्रवासी डोमिंगो पाएस याने तुंगभद्रेवर या नावा पाहिल्या. त्या टोपल्यांसारख्या आहेत, सारख्या फिरत राहतात आणि प्रसंगी घोडे व बैलही वाहून नेतात, अशी नोंद त्याने केली. एवढ्या मोठ्या साम्राज्याच्या राजधानीची ये-जा या कातड्याच्या टोपल्यांवर चालत होती.

मराठ्यांचा कावेरीच्या पाण्याशी संबंध आला तो सतराव्या शतकाच्या अखेरच्या चरणात. १६७७ च्या जुलैत शिवाजी महाराज आणि त्यांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांची भेट कोळ्ळिडमच्या उत्तर तीरावर तिरुमळपाडी येथे झाली. वडिलोपार्जित वाट्याची बोलणी फिसकटू लागली, तेव्हा व्यंकोजीराजे गुपचूप नदी ओलांडून तंजावरास निघून गेले. त्या काळच्या फ्रेंच वृत्तान्तात हे पलायन ओंडके बांधून केलेल्या तराफ्यावरून झाल्याचे येते. असा तराफा म्हणजे तामिळांचे 'कट्टुमरम', म्हणजे बांधलेले लाकूड. इंग्रजीतला 'कॅटमरान' तो हाच. थोरल्या भावाची फौज ऐलतीरी आणि धाकट्याचे राज्य पैलतीरी, अशा वेळी चार ओंडके केवढ्या मोलाचे ठरले! व्यंकोजींच्या वंशाने पुढे १८५५ पर्यंत तंजावरची गादी सांभाळली आणि कुंभकोणमही त्याच राज्यात मोडत होते.

१७९९ साली कावेरीच्या दोन्ही अंगांस एकाच वर्षी पालट झाला. मे महिन्यात श्रीरंगपट्टण पडून टिपू मारला गेला. ऑक्टोबरात सरफोजीराजांशी झालेल्या तहाने तंजावर राज्याचा कारभार कंपनीच्या हाती गेला. श्रीरंगपट्टणास सेनाधिकारी म्हणून राहिलेला आर्थर वेल्स्ली हा तिशीचा इंग्रज कावेरीच्या बेटावर राहून नद्यांविषयी विचार करू लागला. १८०० मध्ये धोंडजी वाघाचा पाठलाग करताना तुंगभद्रेच्या पुराने त्याला हरिहरापाशी अडवून ठेवले होते. तो धडा तो विसरला नाही. मराठी मुलखातील लढाईसंबंधी त्याने एक टिपण लिहिले. त्यातील विचार आजही मराठी वाचकास अस्वस्थ करील. मराठ्यांचे बळ घोडदळात; भरल्या नद्या घोडदळास अडवितात; म्हणून त्यांच्याशी लढण्यास पावसाळाच उत्तम, मात्र नदी उतरण्याचे साधन आपल्याजवळ हवे. ते साधन त्याला दक्षिणेतच मिळाले. टोपलीची नाव वाटेतल्या वेळूची आणि बैलांच्या कातड्याची करता येते, आणि तिला गाड्यांचा तांडा लागत नाही.

मराठ्यांच्या जीवनक्रमात चातुर्मास म्हणजे विसाव्याचा काळ. नद्या दुथडी भरल्या की मोहिमा थांबत आणि दसऱ्याला सीमोल्लंघन करून पुन्हा सुरू होत. पूर हा त्यांना फुकटचा तट वाटे. याचा अर्थ त्यांना नदी उतरण्याची कला अवगत नव्हती असा नव्हे; भोपळ्यांची सांगड आणि डोणी मराठी गावागावांत होत्या. परंतु ती गावच्या तरीची साधने राहिली; लष्करी सरंजामात त्यांना जागा नव्हती. १८०३ मध्ये वेल्स्लीने मलप्रभा, घटप्रभा आणि कृष्णा या नद्यांवर टोपलीच्या नावांची सोय करवून म्हैसूरकडील रसदेची वाट खुली राखली. ऑगस्टात अहमदनगर घेतल्यावर भर पावसाळ्यात प्रवरासंगमाजवळ टोके येथे त्याची फौज अशाच नावांतून गोदावरी उतरली. महिन्याभराने, २३ सप्टेंबरला, असईची लढाई झाली. तेथे केळणेवर नावांची गरज पडली नाही. दोन तीरांवर समोरासमोर वसलेली पिंपळगाव आणि वरूड ही गावे पाहून तेथे उतार असलाच पाहिजे, असा तर्क त्याने केला आणि तो खरा ठरला. शिंदे-भोसल्यांच्या फौजा नदीच्या भरवशावर होत्या. तो नदीचा विचार करीत होता.

याची उलट बाजू पुढल्याच वर्षी दिसली. १८०४ च्या पावसाळ्यात कर्नल मॉन्सनची फौज यशवंतराव होळकरांपुढून मुकुंदऱ्याच्या खिंडीपासून आग्र्याकडे माघार घेत असता चंबळ आणि बनास यांच्या पुरात सापडली आणि तिची वाताहत झाली. नावा आणि रसद यांची तजवीज आधी केली नव्हती हे त्या अनर्थाचे एक मोठे कारण, असा स्वतः वेल्स्लीचाच अभिप्राय आहे. नदी कोणाचीही बाजू घेत नाही. होळकरांनी तिला वळवून घेतले एवढेच.

योगायोग असा, की १८०३ हेच वर्ष तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवरील भोसले वंशाच्या मराठी शिलालेखाचे आहे. सरफोजीराजांनी घराण्याचा इतिहास दगडात कोरविला, त्याच वर्षी त्या घराण्याच्या नागपूरच्या भोसल्यांसारख्या आडनावबंधूंचा उत्तरेत पराभव होत होता. या युद्धातील सेनापतींची नावे इतिहासाने जपली; गोदावरीवर नावा ओढणाऱ्या नावाड्यांपैकी एकाचेही नाव कोठे आढळत नाही.

पूल झाले, १९३४ मध्ये मेट्टूरचे धरण पुरे झाले आणि तरीची नाव मागे पडत गेली. होगेनक्कलला मात्र परिसल अजून चालते. कातड्याच्या जागी आता प्लॅस्टिकचे कापड आणि डांबर आले आहे आणि प्रवासी बहुधा धबधबा पाहावयास आलेले असतात. नावाडी वल्हे आजही पुढेच रोवतो, आणि संध्याकाळी नाव उलटी डोक्यावर घेऊन खडकांवरून वर चढतो.