स्टँड-टू

पहिल्या महायुद्धातल्या हिंदी पलटणींच्या रोजनिशा वाचायला घेणारा पहिल्या-दुसऱ्या पानावरच अडतो. चांगली इंग्रजी शिकलेली मुलंही अडतात. पलटण पहाटे साडेचारला 'स्टँड-टू' झाली, एवढंच लिहिलेलं असतं. शब्दकोशात दोन्ही शब्द सापडतात, पण अर्थ हाती लागत नाही. मी मराठा लाइट इन्फंट्रीत नोकरी केली. सीमेवर रोज पहाटे आणि तिन्हीसांजेला आम्हीही 'स्टँड-टू' करत होतो.

मूळ हुकूम लांब होता: आपापल्या हत्यारापाशी उभे राहा. छावणीत बंदुका एकमेकींना टेकवून रचलेल्या असत. हुकूम झाला की शिपाई धावत तिथे जाई. ओरडून द्यायच्या हुकमातून पुढे 'हत्यार' हा शब्द गळाला आणि 'स्टँड-टू' एवढंच उरलं. पहाटेचं कारणही जुनंच. अमेरिकेच्या जंगलात फ्रेंचांशी लढणाऱ्या रॉबर्ट रॉजर्सने 1757 मध्ये आपल्या रेंजर तुकड्यांसाठी नियम लिहिले. पहाट फुटताच सगळ्यांना उठवा, शत्रू याच वेळी तुटून पडतो, असं त्यात बजावलं आहे.

1914 नंतर खंदकांत 'स्टँड-टू'चा नित्यनेम झाला. उजाडायच्या आधी प्रत्येक जण खंदकातल्या पायरीवर चढे, संगीन लावलेली, नजर समोरच्या तारांवर. पुरतं उजाडलं की 'स्टँड डाऊन'. मग रायफलींची तपासणी, साफसफाई, न्याहारी. ही वेळ फार वाईट. अर्धवट उजेडात तारेचा खांबही सरकल्यासारखा वाटतो, बोट ट्रिगरवर जातं आणि शेजारचा जवान दबक्या आवाजात 'थांब' म्हणतो. रोजनिशीतल्या त्या दोन शब्दांत हे सगळं आहे.

त्या युद्धात मराठा पलटणीही होत्या. पुण्याची सहावी डिव्हिजन मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, गेली. तिच्यातल्या 103, 110 आणि 117 या तिन्ही मराठा पलटणी कुट-अल-अमारात अडकल्या. 7 डिसेंबर 1915 ते 29 एप्रिल 1916, जवळपास पाच महिन्यांचा वेढा. 24 डिसेंबरला तुर्कांनी तिथल्या किल्ल्यावर हल्ला चढवला, तेव्हा 103 वी पलटण आत होती. पुढे धान्य संपत आलं, जनावरं मारून खायची पाळी आली आणि शेवटी सगळे कैदेत गेले.

रोजनिशांतले 'डिग इन', 'फॉल बॅक' हे शब्द संदर्भाने कळतात. 'मॉप अप' मात्र नीट समजून घ्यायला हवा. 1916 च्या सोमच्या लढाईत पुढे गेलेल्या ब्रिटिश तुकड्यांच्या पाठीत, भुयारांत मागे राहिलेल्या जर्मनांनी गोळ्या घातल्या. त्यानंतर मागून जाणारी खास माणसं नेमण्यावर भर दिला गेला. एकेका भुयारात हातबॉम्ब टाकत त्यांनी पुढे सरकायचं. कागदावर हे काम अर्ध्या ओळीत उरकतं. मला हा शब्द आवडत नाही. फरशी पुसल्यासारखा तो वाटतो आणि माणसं मेली हे त्यात दिसतच नाही.

सातारा, रत्नागिरीकडच्या कितीतरी गावांत महायुद्धाला गेलेल्यांच्या संगमरवरी पाट्या आहेत. त्यांवर आकडा असतो, नावं नसतात. तुमच्या पणजोबांची पलटण ठाऊक असेल तर लंडनच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये तिच्या रोजनिशा शोधा. वाचताना असा एखादा शब्द आडवा आला, तर शब्दकोश बाजूला ठेवा आणि गावातल्या निवृत्त फौजीला विचारा.