केल्व्हिनचे गणित आणि कुलाब्याची वही

१ सप्टेंबर १८५९ रोजी सकाळी इंग्लंडमधील रेडहिल येथे रिचर्ड कॅरिंग्टन सौरडागांचे चित्र रेखाटीत असता एका डागसमूहावर दोन शुभ्र ठिपके अकस्मात उजळले आणि पाचेक मिनिटांत मावळले. हॉजसन यांनीही अन्यत्र तेच पाहिले. सुमारे साडेसतरा तासांनी पृथ्वीवर चुंबकीय वादळ कोसळले, तारायंत्रे बिघडली.

त्या वादळाचा मोलाचा पुरावा मुंबईचा आहे, हे आपल्या मंडळींपैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. कुलाबा वेधशाळेत चुंबकमापनाची वाचने नेमाने टिपली जात. वादळात ती काही मिनिटांच्या अंतराने घेतली गेली. २ सप्टेंबरला क्षैतिज चुंबकीय बल सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी घसरल्याचे तीत दिसते. २००३ साली त्सुरुतानी, लखिना प्रभृतींनी याच आकड्यांवरून वादळाची तीव्रता ठरविली. दप्तरात आयुष्य घालविलेल्या आम्हांस याचे विशेष अप्रूप वाटते. रोजची नोंद कंटाळवाणी खरी, पण १४४ वर्षांनी ती कोणाच्या कामी येईल हे लिहिणाऱ्यास कसे कळावे?

तथापि सूर्य आणि वादळ यांचा संबंध विद्वानांना सहजी पटला नाही. १८९२ साली रॉयल सोसायटीच्या अध्यक्षपदावरून लॉर्ड केल्व्हिन यांनी हिशेब मांडला : आठ तासांच्या एका वादळासाठी सूर्यास चार महिन्यांच्या उष्णता-प्रकाशाइतकी ऊर्जा खर्चावी लागेल, सबब हा संबंध केवळ योगायोग. गणित बिनचूक होते, गृहीतक चुकले होते. सूर्य चुंबकीय लहरी दशदिशांना फेकतो, असे त्यांनी धरले. प्रत्यक्षात तो एका दिशेने द्रव्याचा मेघच भिरकावतो, आणि तो मेघ आपले चुंबकीय क्षेत्र बरोबर घेऊन येतो. कॅरिंग्टनच्या मेघाचा सरासरी वेग सेकंदाला २३०० किलोमीटरांहून अधिक भरतो.

असे मेघ सूर्याच्या प्रभामंडलातून उसळतात. ग्रहणावाचून ते पाहण्याची युक्ती, म्हणजे करोनालेख, फ्रान्सच्या बर्नार ल्यो यांनी १९३०च्या सुमारास साधली. परंतु मेघ सुटताना दिसला तो १४ डिसेंबर १९७१ रोजी, ओएसओ-७ या उपग्रहास. त्याची ऊर्जा डागांवरील पीळ पडलेल्या चुंबकीय क्षेत्रात साठते आणि बलरेषा तुटून नव्याने जुळताना मोकळी होते, असे आता मानले जाते. पीळ नेमका केव्हा सुटेल, हे मात्र अद्याप आधी सांगता येत नाही.

त्याच शोधात २ सप्टेंबर २०२३ रोजी आदित्य-एल१ निघाले. त्यावरील अतिनील दुर्बीण पुण्याच्या आयुकाने सिद्ध केली आहे.