मेजावरचा सर्व्हर

मागतील त्यांना पानें पुरविणारा वेबचा पहिला सर्व्हर कांहीं भव्य यंत्रशाळेंत नव्हे, तर १९९० सालीं जिनीव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेंत, टिम बर्नर्स-ली यांच्या नेक्स्ट संगणकावर सुरू झाला. कुणी तो बंद करूं नये म्हणून त्यावर लाल अक्षरांची चिठ्ठी डकविली होती. जगद्व्यापी म्हणविणाऱ्या जाळ्याचा सारा प्राण त्या एका कळींत!

पुढें सर्व्हर दूर गेले. १९९५ सालीं अपाची हा मोफत सर्व्हर निघाला, तरी पीएचपी व डेटाबेस यांच्याशीं त्याची सांगड घालतांना नवशिका मेटाकुटीस येई. २००२ सालीं जर्मनींतील ‘अपाची फ्रेंड्स’ मंडळींनीं या सर्वांची एकत्र मोट बांधून ‘झॅम्प’ काढलें. विद्यार्थ्याला आपलें पान १२७.०.०.१ या स्वतःच्याच यंत्राच्या पत्त्यावर, जगाच्या दृष्टीआड, पुनःपुन्हा मोडून बांधतां येऊं लागलें.